नबीभाईंचे पिंजरे

माझा छापखाना आणि नबीभाईंचं चाळण्यांचं दुकान यांच्यात एक भिंत आहे. ती माझीही नाही, त्यांचीही नाही, घरमालकाची आहे, म्हणून तिला पोपडे धरले तरी आम्ही दोघं हात लावत नाही. लग्नपत्रिका मोबाइलवरून जाऊ लागल्या तसं माझं मशीन झोपलं. डाळमिलवाले पंच केलेले तयार पत्रे बाहेरून मागवू लागले, मिलमध्ये दाणे निवडणारी सॉर्टेक्स यंत्रं आली, तशी नबीभाईंची हातोडी थंडावली. अकोल्याच्या एका गल्लीत दोन रिकामटेकडे शेजारी बसले की मैत्री व्हायला वेगळं काही करावं लागत नाही. भांडणही आपोआप होतं.

एके काळी या माणसाला मान वर करायला फुरसत नव्हती. तुरीची चाळण वेगळी, हरभऱ्याची वेगळी, मुगाची वेगळी, चुरी काढायची त्याहून वेगळी. मिलचे मालक स्वतः येऊन ओट्यावर बसत. त्या दिवसांपासून नबीभाईंना एक खोड लागली ती लागलीच. जगातली कुठलीही लहान वस्तू ते दाण्याच्या मापानं सांगतात. नातवाला पहिला दात आला, त्याचा फोटो मला दाखवून म्हणाले, "पाहा, तांदळाच्या कणीएवढा हाय." मी म्हटलं, बासमतीच्या की कोलमच्या? त्यांनी फोटो पुन्हा नीट पाहिला आणि कोलमच्या, असं सांगितलं.

त्यांची बायको हलीमाबी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा इमाद भिवंडीला गोदामात सुपरवायझर आहे, बायकोपोरांसह तिकडेच. दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन येतो. अब्बा, दुकान सोडून द्या, इकडे या. नबीभाई म्हणतात, पाहू. तेवढ्यावर फोन बंद होतो.

नबीभाई एकटे पडले होते. हे मी सरळ लिहितो, कारण ते स्वतः कधी म्हणाले नसते. चाळणी घ्यायला एखादी बाई आली की तिला घरात माणसं किती, गहू लोकवन की शरबती, दळण कुठं टाकता, सगळं विचारणार. त्या बाईला घाई. ती गेली की हे ओट्यावर येऊन ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे. कुणी नुसता पत्ता विचारला तर त्याला चौकापर्यंत सोडून येणार. पोटापुरता पैसा होता. कुणी काही विचारायला यावं, आपल्या हातचं कुणाला लागावं, एवढीच एक भूक उरली होती आणि तिची सोय गल्लीत कुणाकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती. मला चाळणी लागत नाही, आणि मी तापट माणूस आहे, तासाभरानं मला कुणाचाही कंटाळा येतो.

अशात दिवाळी संपता संपता पौर्णिमा दुकानात आली. हिवरखेडच्या भगवंतरावांची मुलगी. भगवंतराव तूर विकायला अकोल्याला आले की घरच्या चाळण्या नबीभाईंकडूनच नेत, म्हणून ती दुकान ओळखून होती. अमरावतीला प्राणिशास्त्र शिकली आणि आता रत्नागिरीकडे संशोधन करत होती. कशावर, असं मी विचारलं. म्हणाली, समुद्राच्या तळातल्या चिखलावर.

"चिखल पाहायला रत्नागिरी कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "तुमच्या हिवरखेडला श्रावणात काय कमी असतो?"

"काका, त्याच्यात पाकट नसते," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून नबीभाईंकडे वळली. वऱ्हाडी पोरगी. मला आवडली.

पाकट म्हणजे काय हे मग तिनं सांगितलं. परातीसारखा चपटा मासा, तळाशी पडून राहतो, चिखल उकरून शिंपले आणि खेकडे खातो. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात तळाला जो गाळ असतो तो मेलेला नसतो. त्याच्यात गांडुळासारखे किडे असतात, नखाएवढे शिंपले असतात, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव असतात. खाडीकाठच्या कांदळाच्या झाडांची पानं कुजून खाली येतात, वरच्या पाण्यातलं हिरवं बारीक काही मरून खाली बसतं, त्याच्यावर हे जगतात. त्यांना खेकडे खातात, लेप नावाचा मासा खातो, पाणी ओसरलं की पक्षी खातात. खेकड्याला पाकट खातं. पाकटाला माणूस खातो.

"आता पाहा चाचा," ती म्हणाली, "माणसानं पाकट लय धरलं तर खेकडे वाढतात. खेकडे वाढले की खालचे किडे सरतात. वर कोण कोणाले खाते, त्याच्यावर खाली कोण राहीन हे ठरते. वरचं मोजायले लोक हाय. खालचं कोणी पाहात नाही."

नबीभाईंनी हातातली पत्राकात्री खाली ठेवली. कुणी इतकं सलग त्यांच्याशी बोलून किती दिवस झाले असतील कोण जाणे.

तिला पिंजरे हवे होते. समुद्राच्या तळावर टाकायचे, वीतभर उंचीचे, परातीएवढ्या जागेवर बसतील असे. वरून आणि चारी बाजूंनी जाळी, खालून मोकळे, काठ चिखलात रुतवायचा. म्हणजे तेवढ्या तुकड्यात खेकडा, मासा, पक्षी कुणी येणार नाही. काही महिन्यांनी पिंजरा काढायचा, खालचा चिखल चाळायचा आणि शेजारच्या उघड्या चिखलाशी ताडून पाहायचं. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपवाल्यांनी एवढ्याशा कामाला नाही म्हटलं होतं.

"भोक केवढं?" नबीभाईंनी विचारलं.

तिनं मापाचा आकडा सांगितला. आकडा डोक्यात बसेना, त्यांनी मान हलवली. मग ती जरा विचार करून म्हणाली, "काबुली नाही, आपला देशी हरभरा अडकला पायजे, तूर गेली पायजे." नबीभाई इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे पाहायची लाज वाटली.

निम्मे पिंजरे पुरे बंद हवे होते. उरलेल्या निम्म्यांना छत आणि समोरासमोरच्या दोन बाजू हव्यात, बाकीच्या दोन बाजू उघड्या. त्यांना ओळखीसाठी लाल फीत बांधायची. "हे असेच पायजे चाचा, अर्धेच," ती म्हणाली, कागदावर चित्र काढून दाखवलं, कारणही सांगितलं. मी तिथंच होतो. कारणात पाण्याच्या वेगाचं आणि सावलीचं काहीतरी होतं. मला कळलं नाही, नबीभाईंनाही कळलं नाही, दोघांनीही मान डोलवत हाव म्हटलं.

पुढचे दिवस त्यांच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी हातोडीचा आवाज भिंतीतून येई. मी चिडून भिंत वाजवायचो, ते आणखी जोरानं ठोकायचे. लोखंड चालणार नाही, समुद्रात गंजतं, म्हणून तार स्टीलची. ती वाकवताना बोटं सोलली तर तीही ते मला आणून दाखवत. दर दोन-चार दिवसांनी पौर्णिमाचा फोन येई आणि न आला तर हे लावत. तार कुठून वळवू, कोपरा गोल करू का. कामाचं बोलणं झालं की चिखलाचं. ओहोटी म्हणजे काय, लेप कसा दिसतो, खेकडा काय काय खातो. ते सगळं मग चहाच्या टपरीवर डाळमिलच्या मुनिमाला ऐकवायचं. मुनीम हिशोबात बुडालेला. "हाव का?" म्हणायचा आणि बिस्कीट बुडवायचा.

आणि याच प्रेमानं घात केला.

लाल फितीचे पिंजरे तयार झाले तेव्हा नबीभाईंनी ते ओट्यावर मांडले आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. दोन बाजूंनी भगदाड पडलेला माल. बापापासून या दुकानाचा शिरस्ता होता, की अर्धवट जिन्नस दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाईक घाई करो, रागावो, काहीही करो. आणि दुसरं असं, की वऱ्हाडात गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकून घ्यायचं नसतं, ओळखायचं असतं. हात आखडता असलेला माणूस मला कमी द्या असं म्हणत नाही. तो म्हणतो, राहू द्या, एवढंच पाहिजे, असंच बरं आहे. मग दुकानदारानं समजून घ्यायचं, पुरं करून द्यायचं आणि त्याची वाच्यता करायची नाही. नबीभाईंनी हयातभर हेच केलं होतं. शिकणारी पोरगी, बाप शेतकरी, जाळी महाग. संकोचानं बोलली नाही, असं त्यांनी धरलं.

"तिनं तर असेच पायजे म्हटलं होतं," मी म्हणालो.

"मंग काय म्हणीन ते? चाचा, मायाजवळ पैसे नाई म्हणीन? तुमी बी, सहदेवभाऊ, कमालच करून राह्यले."

उरलेली जाळी होतीच. थोडी आपल्या पैशानं आणली. सगळे पिंजरे चारी बाजूंनी बंद झाले आणि वर लाल फिती बांधून ट्रान्सपोर्टनं रवाना झाले. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. देणगी बोलून दाखवली की तिची मजा जाते, असं त्यांचं मत.

पौर्णिमानं तो माल उघडून पाहिला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याच आठवड्यात भगवंतरावांच्या छातीत कळ आली आणि ती धावत अकोल्याला दवाखान्यात आली. तिकडे अमावास्येची मोठी ओहोटी वाया जाऊ नये म्हणून तिच्या सोबत्यांनी पिंजरे नेऊन तळावर बसवले. त्यांना वाटलं असेच हवेत. ती परत गेली तेव्हा सगळं पाण्याखाली होतं. तिकडचं पाणी गढूळ, हातभर खालचं दिसत नाही. आता मधे तिकडे जाऊन गाळ तुडवायचा नाही, असाच नियम होता.

दवाखान्यात बाप झोपला असताना ती एकदा दुकानात आली होती. नबीभाईंनी तिला चहा पाजला, भगवंतरावांसाठी मोसंबी दिली. पिंजरे कसे झाले, तिनं विचारलं. "पाहशीन तवा समजीन," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले.

फेब्रुवारीत तिनं पहिले पिंजरे काढले. फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. आवाज बसलेला. "चाचा, लाल फितीवाले चारी बाजूंनी बंद निघाले. दोन बाजू तुम्ही उघड्या ठेवल्या होत्या ना?"

"उघड्या कायले सोडू बेटा? पुरे बंद करून देल्ले. त्याचे पैसे नाई लावले, तू त्याची फिकीर करू नको."

मग "बरं चाचा" आणि फोन बंद.

त्यानंतर फोन येईना. नबीभाई लावत तर ती उचलेना. हातोडी बंद झाली. ते ओट्यावर मोबाइल मांडीवर घेऊन बसत आणि त्याच्याकडे पाहात. "माह्यं काई चुकलं काय, सहदेवभाऊ?" असं रोज विचारत, आणि रोज मी चिडत असे, कारण दोन बाजू बंद केल्यानं काय बिघडलं हे मलाही माहीत नव्हतं. या वयात एकदा कुणीतरी जवळ आलं आणि आपल्याच हातून गेलं, एवढंच त्यांना कळत होतं. जेवण कमी झालं होतं. इमादला सांगू का म्हटलं तर नको म्हणाले.

मार्च उजाडता उजाडता वडिलांना तपासणीसाठी घेऊन ती आली. भगवंतरावांना डॉक्टरकडे बसवून थेट दुकानात. चेहरा काळवंडलेला. खुर्ची दिली, बसली नाही.

"चाचा, तुमी माह्यं वर्ष खाल्लं," ती म्हणाली.

असं तोंडावर बोलणं पुण्यात असभ्य ठरेल. आमच्याकडे ज्याच्याशी नातं ठेवायचं असतं त्यालाच असं बोलतात. पण नबीभाई तेव्हा हे समजायच्या स्थितीत नव्हते. त्यांनी पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि खाली पाहिलं.

मग तिनं सांगितलं, आणि या खेपेला आम्ही दोघांनी कान देऊन ऐकलं. बंद पिंजऱ्याखाली किडे आणि शिंपले बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढले होते. समुद्रातल्या खडकावर एक जात वाढली की दुसरीला ढकलून देते. चिखलात तसं झालं नाही, खाली-वर जागा काढून सगळेच राहिले. इतकं चांगलं दिसलं होतं. पण ते वाढले कशानं? खाणारे आले नाहीत म्हणून, की पिंजऱ्याच्या जाळीनं पाणी संथ झालं, गाळ आणि अन्न तिथंच बसलं, खायला जास्त मिळालं म्हणून? दोन बाजू उघड्या असत्या तर खेकडा आत-बाहेर करू शकला असता, पण सावली तीच, संथ पाणी जवळपास तेच. तिथंही जर किडे वाढले असते तर करणी पिंजऱ्याची. नसते वाढले तर खाणाऱ्यांची. हे सांगणारी एकच गोष्ट तिच्याकडे होती आणि तीच नबीभाईंनी बंद करून दिली होती. आता कुणीही विचारणार, की बाई, हे तुझ्या जाळीमुळं झालं नाही कशावरून? तिची शिष्यवृत्ती या वर्षी संपत होती. पिंजरे पुन्हा टाकायला पुढची दिवाळी तिला मिळणार नव्हती.

बोलता बोलता तिचा राग उतरला आणि ती खुर्चीवर बसून रडली. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो. परत आलो तर नबीभाई विचारत होते, "आता काय करता येते?"

"नवे पिंजरे होऊन पावसाळ्याच्या आधी दीड-दोन महिने भेटते. लहान पिंजरे टाकून पाहता येते. तेवढ्यात फरक दिसला तर माह्ये गाइड सर चालवून घेईन म्हणतात. नाहीतर नाही."

"बरं."

"एक सांगू चाचा? काही पिंजऱ्यांत खेकडा निघाला. आत जातानी जवारीच्या दाण्याएवढा असन, जाळीतून गेला. आत खाऊ खाऊ मोठा झाला, मंग निघताच येईना. त्याच्याखाली एक किडा राह्यला नव्हता. सारं खाल्लं आणि उपाशी बसला होता."

"मंग काढला ना त्याले?"

"काढला."

"गेला?"

"गेला," ती म्हणाली आणि डोळे पुसून हसली.

त्या दिवसापासून नबीभाई पुन्हा कामाला लागले. बंद पिंजरे झटपट झाले. उघडे मात्र होईनात. छत झालं, दोन बाजू झाल्या, आता पुढं काही करायचं नाही एवढंच काम उरलं की हात थबकायचा. हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. तयार पिंजरा मांडीवर, त्या दोन उघड्या बाजूंत हात घालून बसलेले. "अधुरं सोडणं भारी जाते," म्हणाले. शेवटी त्यांनी उघड्या काठांची तार आत दुमडून घासून गुळगुळीत केली. विचारलं तर म्हणाले, खेकड्याले लागू नये. खेकड्याला कवच असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ट्रान्सपोर्टवर या वेळी भरवसा ठेवला नाही. स्वतः घेऊन गेले. पासष्टी उलटलेला माणूस, समुद्र कधी पाहिलेला नाही, सोबत तारेचे गठ्ठे. मी स्टेशनवर सोडायला गेलो. तुम्ही येता का, असं त्यांनी विचारलं नाही आणि येतो असं मी म्हटलं नाही. डब्यात बसले आणि गाडी सुटेपर्यंत दोन्ही हात गठ्ठ्यावर ठेवून होते.

परत आले तर काळे पडलेले आणि बोलके. समुद्राचं काय सांगतील म्हणून मी वाट पाहात होतो, तर त्यांना समुद्र आवडला नव्हता. मोठा हाय, म्हणाले, आणि आवाज करते. आवडला तो चिखल. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरले. आपल्या काळ्या जमिनीत ओल असताना कुणी पाय घालत नाही, त्यामुळं पहिला पाय टाकायला वेळ लागला. पौर्णिमानं हात धरला. खाली वाकून पाहिलं तर गाळाला भोकंच भोकं. कुणाचं मोहरीएवढं, कुणाचं मुगाएवढं, मधेच एखादं बोराएवढं खेकड्याचं.

"हर भोकात कोणीतरी राह्यते, सहदेवभाऊ. वरून पाह्यलं तर सुनसान. एक माणूस नाई, एक झाड नाई. आणि खाली सारं भरलेलं."

लाल फितीचे पिंजरे त्यांनी स्वतःच्या हातानं रुतवले. दोन बाजू उघड्या ठेवून.

मग वाट पाहणं सुरू झालं. मे गेला. पाऊस लागायच्या आत पिंजरे निघाले, चिखल चाळला, पण त्यातला एकेक जीव वेचून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा असतो, त्याला दिवस लागतात. पौर्णिमा आता पुन्हा फोन करत होती. नबीभाई रोज एकच विचारत. निघालं काई? नाही चाचा, थांबा. एवढ्या बोलण्यावर त्यांचा दिवस निघायचा. मला कळत होतं की हा माणूस निकालाला घाबरतो आहे. पोरीचं वर्ष आपल्या हातानं गेलं हे खरं ठरलं, तर ती पुन्हा या दुकानाची पायरी कशाला चढेल?

जुलैत एका दुपारी फोन आला. नबीभाईंनी तो दोघांना ऐकू येईल असा केला आणि माझ्यासमोर धरला.

"चाचा, झालं. अर्धवट पिंजऱ्यातलं आणि उघड्या जमिनीतलं सारखंच निघालं. बंद पिंजऱ्यातलंच वेगळं. म्हणजे जाळीनं नाही, खाणाऱ्यांनीच फरक पडला. सर हो म्हणाले."

नबीभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्लाचा शुक्र," म्हणाले. "तुह्यं वर्ष वाचलं?"

"वाचलं चाचा. तुमच्याचमुळं वाचलं."

मी खरंच सांगतो, इतका आनंद मला माझ्या पोरीच्या लग्नातही झाला नव्हता. नबीभाईंनी लगेच बाही सावरली, जणू काम समोरच पडलं होतं. "मंग आता दिवाळीले किती लागतीन? आतापासूनच तार आणून ठेवतो. या टायमाले कोपरे गोल करतो, तुले हात लागणार नाई."

तिनं गोड बोलून टाळलं असतं तरी चाललं असतं. पण ती तशी नव्हती.

"आता नाही लागत चाचा. काम झालं. आता लिहायचं हाय, मंग दिवाळीनंतर मी बाहेर चालली, दुसऱ्या देशात. तिथं पिंजऱ्यांचं काम नाही."

"हाव का," नबीभाई म्हणाले. मग, "चांगलं झालं. बेस झालं." त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली आणि विचारलं, "बेटा, एक सांग. पिंजरा काढला, मंग त्या जाग्याचं काय होते? ते जे आत वाढले होते त्यायचं?"

"काही नाही चाचा. पुढच्याच भरतीले खेकडे येतात, लेप येते, पाकट येऊन उकरते. आठ-पंधरा दिवसांत बाजूसारखंच होऊन जाते. पिंजरा कुठी होता ते मलेही खूण पाहूनच समजते."

"चांगलं हाय," ते म्हणाले. "त्यायले बी खायाले भेटलं पायजे. तू जेवण करत जा टायमावर."

फोन बंद झाला. नबीभाईंनी हातोडी, पत्राकात्री, तारेचं उरलेलं भेंडोळं, सगळं फळीवर नीट लावलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आठ-पंधरा दिवस, सहदेवभाऊ. मले वाटलं होतं, खूण मिटायले जास्त लागत असन."